लगनातला पांढरा

यंदाच्या लगनात पांढरा चालून राहिलाय. हे मी नाही म्हणत. परवा लेहेंगा कमरेत आत घ्यायला घेऊन आलेली पोरगी म्हणाली. "आंटी, आइव्हरी है. अभी यही चल रहा है, लाल तो अब कोई पहनता ही नहीं." पिशवीतून काढून तिनं तो माझ्या शिलाई मशीनवर पसरला आणि माझी अंधारी खोली उजळून निघाली. अगदी चुन्यासारखा पांढरा नव्हता, साईच्या रंगाचा होता. पण पांढराच हो! आइव्हरी म्हणा, मोतिया म्हणा, दूधिया म्हणा, सतरा नावं दिली म्हणून पांढरं काही गुलाबी होत नाही. पोरीसोबत आई होती, आजी होती. आजीच्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. ती त्या लेहेंग्यावरून हात फिरवत म्हणाली, "कितना अच्छा लग रहा है, एकदम ठंडा-ठंडा." मी कमरेचं माप घेतलं, टाचण्या लावल्या, आणि मंगळवारी या म्हणून सांगितलं.

त्या गेल्यावर मी कामाला हात लावला नाही. बाहेर बँडवाल्यांचा सराव चालू होता. जबलपुरातल्या या गोहलपुरात आमच्या घरामागेच त्यांचं गोदाम आहे. लगन, म्हणजे लग्नसराई, जवळ आली की भर दुपारी प्रत्येक जण आपापला तुकडा वाजवत बसतो, एकाचा ढोल, एकाची पिपाणी, कोणाचा कोणाला मेळ नाही. समोरचा वेल्डिंगवाला ठिणग्या उडवत असतो. लू सुटलेली असते. कूलरच्या जाळीत नवा वाळा भरला की येतो तो वास साऱ्या गल्लीत. लोकांना तो वास आला की पन्हं आठवतं, शाळेच्या सुट्ट्या आठवतात. मला तो एक उन्हाळा आठवतो. किती उन्हाळे गेले, अजून आठवतो. मी स्वतःवरच चिडते, म्हणते, अगं बाई, जन्मभर तेच धरून बसणार आहेस का? तर हो, बसणार आहे. माझ्याजवळ दुसरं धरायला आहे काय?

तेव्हा मी बडा फुहाऱ्याजवळ बायकांच्या कपड्यांच्या एका दुकानात असिस्टंट मॅनेजर होते. साड्या, सूट, लेहेंगे, आणि मागच्या बाजूला फॉल-पिकोची मशीन. मॅनेजर मात्र कोणीच नव्हता. मी असिस्टंट नेमकी कोणाची, हे मला कधीच कळलं नाही. सेठजींना विचारलं तर हसून म्हणायचे, "मेरी हो, और किसकी?" सेठजी म्हणजे मालक, साठीचे, गोरेपान, सतत सुपारी चघळणारे, आवाज कधी न चढवणारे. सकाळी किल्ल्या माझ्याकडे. पुतळ्यांना साड्या नेसवणं माझ्याकडे. विकणाऱ्या मुलींपैकी कोणाचं तोंड उतरलंय, कोणत्या साडीचा रंग गेला म्हणून कोण भांडायला आलंय, सगळं माझ्याकडे. मला ते काम आवडायचं. अगदी मनापासून आवडायचं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकाच उन्हाळ्यात येणार होत्या. खमरियाच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतून बाबा रिटायर होणार होते, आणि सेठजी सदर बाजारात दुसरं दुकान उघडणार होते. बाबा रिटायर म्हणजे क्वार्टर गेलं. माझा जन्म त्या क्वार्टरमधला, आई गेली तीही तिथेच. बाहेर आमचं कुठे काही नव्हतं. होळी झाल्यावर एक दिवस सेठजी म्हणाले, "नयी दुकान तुम सँभालोगी, बेटा. मैनेजर बनके. ऊपर दो कमरे हैं, हवादार हैं, बाबूजी को लेकर वहीं आ जाओ." मी घरी येऊन सांगितलं तर बाबा चहा पीत राहिले. पण पुढच्याच रविवारी न सांगता सायकल काढून सदरला गेले आणि खोल्या पाहून आले. "खिडकी पूर्वेले आहे," म्हणाले. "माही खाट तिथंच लावू. तुले कपाट ठेवाले जागा आहे." त्यानंतर फॅक्टरीत, बस स्टॉपवर, भाजीवाल्यापाशी, जो भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी मॅनेजर होऊन राहिली." मी म्हणायची, बाबा, अजून व्हायची आहे हो! तर म्हणायचे, "होऊन राहिली म्हंजे तेच न."

लगनात दुकानात पाऊल ठेवायला जागा नसायची. गादीवर स्वच्छ पांढरी चादर, तिच्यावर साड्यांचे ढीग, आणि ढिगांभोवती बायका. साडी कोण पसंत करणार हे ओळखणं हीच आमची खरी विद्या. नवरीकडे पाहण्यात अर्थ नसतो, तिला आवडलेली साडी कोणी घेत नाही. बोलणाऱ्या आत्याकडेही पाहायचं नसतं, ती फक्त बोलायला आलेली असते. कोपऱ्यात कोणीतरी एक पंख्याखाली पाय सोडून बसलेली असते, सरबत पिते, पाय दाबते. तिची भुवई वर गेली की ती साडी बाजूला काढून ठेवायची. हे मी गुड्डीला शिकवलं. गुड्डी आमच्याकडची सगळ्यात चलाख विकणारी, इथलीच, गोहलपुरातली. पदर खांद्यावर टाकून स्वतःच आरशापुढे अशी उभी राहायची की जाडजूड बाईलाही वाटावं, मी अशीच दिसणार.

अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी कुंडमकडच्या खेड्यांतून बायका यायच्या. त्यांच्या गाठोड्यांना मोहाचा वास. दारातच उभ्या राहायच्या, चपला हातात, आत या म्हटलं तरी बिचकायच्या. मी हाताला धरून गादीवर बसवायची. सेठजी लांबून पाहायचे आणि मान हलवायचे, "ग्राहक तो भगवान है." त्या बायका हळदीच्या रंगाची लुगडी घ्यायच्या, सगळ्या घराला एकसारखी, आणि कापड गालाला लावून पाहायच्या. कापड कसं पाहावं, ते त्यांच्याकडून शिकावं. बाकी शहरातल्या बायका कापड पाहतच नाहीत, शेजारीण काय म्हणेल ते पाहतात.

सेठजींचा माझ्या हातावर विश्वास होता. सकाळी दिवा लावला, उदबत्ती फिरवली की गिऱ्हाईक यायच्या आधी दिवसाची पहिली साडी मी गादीवर उलगडायची. लालच असली पाहिजे, नाहीतर पिवळी. "पाटील मैडम का हाथ लगे तो दिन निकल जाता है," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. एकदा मला ताप होता तर त्यांनी खमरियाला रिक्षा पाठवली होती, नुसती ती साडी उलगडायला. मी उलगडली आणि त्याच रिक्षानं घरी येऊन झोपले.

आणि लगनात दुकानात पांढरं दिसता कामा नये, हा त्यांचा पक्का नियम. लगन लागायच्या आधी सगळ्या पांढऱ्या साड्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जायच्या. गमीचं गिऱ्हाईक आलं, म्हणजे कोणाच्या घरी माणूस गेलंय आणि तेराव्याची साडी हवीय, तर त्यांना बाजूच्या दारानं आत घ्यायचं. आवाज हळू करायचा. सरबत विचारायचं नाही, साधं पाणी द्यायचं. साडी गादीवर पसरायची नाही, हातातल्या हातात दाखवायची. भाव करायचा नाही. आणि जाताना "फिर आइएगा" म्हणायचं नाही. हे शेवटचं मला फार आवडायचं. कोणीतरी मायेनं ठरवलेली रीत असणार ती. गुड्डीलाही ती मीच शिकवली, आणि ती इतकी छान करायची की गिऱ्हाईक तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचं.

आमच्यात मात्र नवरी पांढरी साडी नेसते. आम्ही विदर्भातले बौद्ध, आजोबा फॅक्टरीत लागले आणि इकडचेच झाले. माझ्या आईच्या लग्नाच्या फोटोत ती पांढऱ्या साडीत आहे, बाबा पांढऱ्या सदऱ्यात, समोर मेणबत्त्या, आणि दोघांची तोंडं अशी की फोटोवाला रागावला असावा. खमरियातल्या पोरींची लग्नं ठरली की त्यांच्या आया बसनं नागपूरला जायच्या. का? तर जबलपुरात नवरीची पांढरी साडी मिळत नाही. मागितली की दुकानदाराचं तोंड पडतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी रोज लाल विकत होते. तेव्हा त्यात मला काही वेगळं वाटायचं नाही. जिथं जे चालतं ते चालतं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही सेठजींना सांगितलं होतं का, तुम्ही कोण ते? का सांगायचं? मी काय दवंडी पिटायची होती? आडनाव पाटील. जबलपुरात मराठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्यांची जुनी मराठी घरं येतात, वकील, मास्तर, डॉक्टर. सेठजींच्या बायकोनं, अम्माजींनी, पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, "मराठी लोग तो पंडित ही होते हैं." मला कोणी विचारलं नाही. त्या स्वतःच बोलल्या, स्वतःच मान डोलवली. दुपारी दुकानात यायच्या आणि माझा डबा उघडून आधी वास घ्यायच्या. माझा झुणका त्यांना इतका आवडायचा की बोटं चाटायच्या, मग तेच बोट माझ्या गालाला लावून म्हणायच्या, "हमारी बहू को सिखा दे, मेरी माँ."

तो दिवस एप्रिलातला. दुपार. रस्ता ओस, दुकान मात्र भरलेलं, कारण सिव्हिल लाइन्समधलं एक मोठं घर लेहेंगा घ्यायला आलं होतं. आजी, आई, मावश्या, नवरी. मी आजीसमोर एकावर एक लाल उलगडत होते. तेवढ्यात दार उघडलं, लूचा झोत आला आणि मागून एक बाई आणि एक मुलगी. बाई सुती साडीत, घामानं निथळलेली; मुलगी सावळी, उंच, केसाला घट्ट वेणी. गुड्डी पुढे झाली. बाई हिंदीत म्हणाली, "सफेद साड़ी दिखाइए. अच्छी वाली."

गुड्डीचा चेहरा उतरला. मला दिसत होतं, आवाज खाली गेला, मान कलली. तिनं बाईच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "आइए माताजी, इधर से आइए. कौन शांत हो गए?" आणि मागच्या पोरीला खूण केली, पाणी आण. बाईला काही कळेना. ती दोन पावलं तिच्यासोबत गेलीही. गुड्डी तिला धीर देत होती, "भगवान की मर्ज़ी के आगे क्या है." बाजूच्या मोडक्या स्टुलावर बसवून तिनं गमीसाठी खाली काढून ठेवलेली एक जाडीभरडी साडी हातातल्या हातात उघडली, जशी मी शिकवली होती तशी. मुलीला आधी कळलं. तिचं तोंड लाल झालं, कानापर्यंत. ती खाली बघायला लागली. मग आईला कळलं. ती ताडकन उठली आणि हिंदी विसरून ओरडली, "अवो बाई! लग्न आहे माह्या पोरीचं!"

सगळं दुकान तिकडे वळलं. गुड्डीला मराठी समजलं नाही, पण काहीतरी भयंकर झालं एवढं समजलं. ती माझ्याकडे पाहत होती. सेठजी पाहत होते. सिव्हिल लाइन्सची आजी सरबताचा पेला तोंडाशी धरून पाहत होती. ती मुलगी मात्र कोणाकडेच पाहत नव्हती, वेणीचं टोक डोळ्यांना लावत होती. मला काय झालं ते मी आज नीट सांगू शकत नाही. विचार केला असता तर कदाचित बाजूला नेऊन समजावलं असतं. मी हातातला लेहेंगा खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "गुड्डी, यही दुल्हन है. हमारे यहाँ दुल्हन सफेद पहनती है."

मग मी स्वतः माळ्यावर चढले. पेटीच्या तळाशी एक रेशमी साडी होती, पांढरी, बारीक जरीकाठाची, कोणी तरी मागवून न नेलेली. ती आणली आणि गादीवर पसरली. मधोमध. त्या सगळ्या लालाच्या शेजारी. मुलीला म्हटलं, ये. ती येईना. "ये गं, लाजतेस काहून?" म्हटलं तेव्हा आली. मी पदर तिच्या खांद्यावर टाकला, निऱ्या धरल्या, आरशापुढे उभी केली. काय सांगू कशी दिसत होती! सावळा रंग, पांढरं रेशीम, डोळ्यांत अजून पाणी. इतक्या नवऱ्या मी नटवल्या, पण तशी नाही. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमी क्वार्टरवाल्या पाटलांच्या न? आमाले सांगतलं होतं लोकायनं, तिथं आपली पोरगी आहे म्हणून. म्हणून तं आलो, नाई तं नागपूरले गेलो असतो." आणि साडी घेऊन निघताना दारातून हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "जयभीम, ताई." मीही म्हटलं, "जयभीम." आणि मुलीला म्हटलं, "फिर आना. बाळंतविड्याची साडी माझ्याकडूनच घ्यायची."

तोवर सिव्हिल लाइन्सच्या आजीनं नातीचा हात धरून तिला उठवलं होतं. "शुभ काम में ये क्या फैला दिया इन लोगों ने," असं काहीसं ती म्हणाली. चपला घालताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. गादीवर लेहेंगे तसेच पडून राहिले. गुड्डी बिचारी रडायला लागली, म्हणाली, "मैडम, मुझे क्या पता था?" खरंच तिला काय माहीत असणार? मी तिला पाणी पाजलं आणि आम्ही दोघींनी लेहेंग्यांच्या घड्या घातल्या.

सेठजी मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते. संध्याकाळी गल्ला बंद करताना फक्त म्हणाले, "मेरे लिए तो तुम बेटी ही हो. पर ग्राहक को मैं क्या समझाऊँ?" तो माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते आणि म्हणताना माझा जीव जळतो. वाईट असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावून झाला, मी पहिली साडी काढायला गेले, तर सेठजी म्हणाले, "आज गुड्डी को करने दो. उसका भी हाथ खुले." गुड्डीनं उलगडली. त्यानंतर रोज तीच. अम्माजी दुपारी आल्या, मी डबा पुढे केला, तर म्हणाल्या, "आज पेट ठीक नहीं है, बेटा." उद्याही नव्हतं. परवाही नव्हतं. मग त्या दुपारच्या यायच्याच बंद झाल्या. झुणका मी घरी परत न्यायची आणि बाबा खायचे. "काहून ग, आज अम्माजी नाई आल्या का?" नाही आल्या, बाबा. "लगनाचं घर, येत नसतीन," असं तेच उत्तर द्यायचे.

आणि गंमत बघा, तरी मी आशा धरून होते. माणसाला किती खोड असते! सदरच्या दुकानाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. नाही म्हटलं नव्हतं म्हणजे हो आहे, असं मी रोज स्वतःला समजवायची. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून नव्या दुकानात कुठलं कपाट कुठे ठेवायचं ते ठरवायची. खमरियात तोफगोळ्यांची चाचणी झाली की क्वार्टरच्या काचा थरथरतात, आम्हाला त्याची सवय. पण त्या दिवसांत प्रत्येक आवाजाला मी दचकायची. बाबांनी दोरीनं खाट मापून ठेवली होती. रिटायरमेंटच्या निरोपसमारंभात त्यांच्या फोरमननं भाषणात म्हटलं, "इनकी बिटिया शोरूम की मैनेजर है," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढं काय झालं ते सांगून टाकते, त्यात काही राहिलेलं नाही. आम्ही गोहलपुरात या खोलीत आलो. खिडकी एकच, ती भिंतीवर उघडते. मी त्या जुन्या दुकानात आणखी काही वर्षं काढली, कोणाची तरी असिस्टंट म्हणून. मग ते जुनं दुकान विकलं गेलं, मला एक मशीन मिळाली, आणि बाबाही गेले. त्यांची खाट या खिडकीशी कधी लावता आली नाही, कारण तिथं लावली की दार उघडत नसे. मी दुसरीकडे कुठे का गेले नाही, असं लोक विचारतात. गेले की! दोन-तीन दुकानांत विचारलं. तोवर बाजारात सगळ्यांना सगळं माहीत झालेलं. एका ठिकाणी फार गोड बोलले, चहा पाजला, कप वेगळा होता.

त्या पांढऱ्या साडीतल्या मुलीचं लग्न विहारात झालं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही, दुकानात होते. पुष्कळ जण म्हणाले, तू केलंस ते फार मोठं केलंस. असेल. मोठं केलेलं घरात ठेवायला जागा लागते. मला विचाराल तर मला पश्चात्ताप नाही, पण समाधान पण नाही. पोरीचं तोंड उजळलं ते मी पाहिलं, तेवढं माझं. बाकी सगळं त्यांचं.

आता तो आइव्हरी लेहेंगा समोर आहे. उसवायला घेतलाय. अस्तर चांगलं आहे, शिलाई भिकार. तो सदरच्याच दुकानातून आलाय, पिशवीवर नाव आहे. म्हणजे आता तिथं काचेत पांढरंच लावत असतील, आणि कोणाच्या शुभकार्यात काही बिघडत नसेल. कापड तेच, रंग तोच. फक्त ते आता वरून आलं, आमच्याकडून आलं असतं तर चाललं नसतं. हे मला कळतं, आणि कळून काही होत नाही.

त्या वर्षी सदरच्या दुकानाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून तिथं होते. पुतळे सजवायचे होते. नव्या रंगाचा वास, काचेवर चुन्याचे फराटे, मिस्त्री वायरी ओढत होते. मी प्रत्येक पुतळ्याला मन लावून नेसवलं. लाल, राणी, कुसुंबी. एकाच्या तर निऱ्या तीनदा मोडून घातल्या. दुपारी अम्माजी पूजेचं सामान घेऊन आल्या. पुतळ्यांपाशी थांबल्या, खूप वेळ पाहत राहिल्या. "बहुत सुंदर सजाया, बेटा," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यात खरंच कौतुक होतं. मग लाडवांचा पुडा काउंटरवर ठेवला. हातात दिला नाही. आधी हातात द्यायच्या. "बाबूजी के लिए ले जा. और सुन, कल मत आना. कल पूजा है, घर-घर के लोग हैं. परसों से पुरानी दुकान पर आ जाना."

मी विचारलं, "और ऊपर के कमरे, अम्माजी?" हे मी का विचारलं कोण जाणे, उत्तर तर समोरच होतं. हमाल डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन जिना चढत होते. "ऊपर तो स्टॉक रहेगा," त्या म्हणाल्या. "कटनी से जो नयी मैनेजर आयी है ना, कह रही थी जगह कम पड़ेगी." मी म्हटलं, "जी." हातातल्या टाचण्या डबीत ठेवल्या, पुडा उचलला आणि बस पकडली. वरच्या पूर्वेच्या खिडकीत तेव्हाच गठ्ठे दिसायला लागले होते.

संध्याकाळी बाबांना सांगायचं धैर्य झालं नाही. लाडू कुठून आले म्हणाले, तर म्हटलं, दुकानातून. सकाळी उठले तर बाबा आधीच तयार होऊन क्वार्टरच्या ओट्यावर बसलेले. दाढी केलेली, केसांना तेल, आणि अंगात नवाकोरा पांढरा सदरा, घडीचे ठसे तसेच उभे. कधी शिवला, कोणाकडून शिवला, मला पत्ता नाही. म्हणाले, "चाल लवकर, उशीर होऊन राहिला. मॅनेजरले आधी पोचावं लागते."

मी म्हटलं, "बाबा, आज फक्त घरच्या लोकांची पूजा आहे."

त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. मग अगदी सहज म्हणाले, "बरं मंग, मी नाई येत. तू जाय. तू तं त्यायची मॅनेजर आहेस न." आणि सरकून मला वाट दिली. मी तिथंच उभी. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी मॅनेजर नाही, हे मला म्हणावंच लागलं नाही.

दुपारपर्यंत ते तसेच ओट्यावर बसून होते. कोणी जाताना "क्यों पाटील भैया, आज किधर?" म्हटलं तर हात वर करायचे. मी जेवायला वाढलं, हाक मारली. ते आत आले, पाटावर बसले, ताटातल्या वरणाकडे पाहिलं. "डाग पडन," म्हणाले, आणि उठून सदरा बदलून आले.